भिंतीवरची विहीर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर शाश्वत विकासाची चित्रं रंगवली आहेत. ‘जलसमृद्ध गाव’ या पाटीखाली निळीशार विहीर, मागं हिरवं रान. गेल्या चैत्रात त्याच भिंतीजवळ बोअरची गाडी रात्रभर खडखडत होती. पाचशे फूट गेले, पाणी नाही. सकाळी त्या रंगवलेल्या विहिरीवर कातळाचा राखाडी फुफाटा बसला होता.

पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं, ही संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगानं १९८७ला केलेली शाश्वत विकासाची व्याख्या. मला ती बांधावर कळली, तीही चूक करून. २०१२च्या दुष्काळात मोसंबी वाचवायला मी पाण्याची जागा दाखवणाऱ्या पाणाड्याच्या नारळावर भरवसा ठेवून साडेतीनशे फूट बोअर घेतला. पाणी लागलं. महिनाभरात शेजारच्या चुलतभावाची विहीर आटली. आमच्या दोघांच्या वडलांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर मिळून खोदलेली, नऊ परस खोल. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. माझ्या बोअरनं त्याच भेगा ओढल्या. तो भांडला नाही. फक्त रामराम बंद झाला. मोसंबी पुढं दोन वर्षांत गेलीच.

आमच्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पाऊस तिथंही बेताचाच. पण पोपटराव पवारांच्या गावात आधी पाऊस मोजतात, माणसं-जनावरांचं पाणी बाजूला काढतात आणि उरलेल्यावर कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. लोक सहलीसारखे जाऊन येतात, बंधाऱ्यांचे फोटो काढतात. बंधारे आम्हीही बांधले हो! पण ‘तुला बोअर घेता येणार नाही’ हे भावकीतल्या माणसाला तोंडावर सांगणं आम्हाला जमलेलं नाही. २००९च्या भूजल कायद्यात बोअरच्या खोलीला ६० मीटरची, म्हणजे साधारण दोनशे फुटांची मर्यादा आहे. आमच्याकडं गाडीवाला फुटाचा भाव सांगतो, मर्यादा कुणी विचारत नाही.

येत्या ग्रामसभेत पर्जन्यमापक बसवण्याचा आणि पाण्याच्या ताळेबंदाचा विषय मी लेखी दिला आहे. सोबत माझा बोअर बंद करायची तयारीही. मागच्या सभेला कोरम भरला नव्हता.

— एक शेतकरी, जि. अहिल्यानगर