मी सातच्या बातम्यांना का दिसत नाही

सांगली

ती. आई-अण्णांना,
साष्टांग नमस्कार.

परवा आईचा फोन आला तेव्हा मी एडिटिंगला बसले होते, नीट बोलता आलं नाही. सातच्या बातम्यांना दुसरीच पोरगी बघून तुम्ही दोघंही घाबरलात, आणि शेजारच्या काकूंनी "काढलं का हो तिला?" हेही लगेच विचारून घेतलं. काढलेलं नाही. खुर्ची मीच सोडली. चॅनेलच्या मालकांना मोबाईलवर बघणाऱ्यांसाठी तरुण चेहरा हवा होता, त्यामुळे वयाचा काही संबंधच नाही असं म्हणणार नाही. पण ते बोलायच्या आधीच मी विषय काढला होता. आता बातमीपत्रात काय घ्यायचं आणि काय गाळायचं ते मी ठरवते. पगार होता तेवढाच आहे अण्णा, तेही सांगून टाकते.

तुमच्या लेखी बातम्या म्हणजे प्रदीप भिडे. ते दूरदर्शनवर दिसले की घरात भांडं वाजलेलं तुम्हाला खपायचं नाही. सकाळी रेडिओवर पुण्याहून प्रादेशिक बातम्या लागल्या की द्राक्षबागेत औषध मारायला जायचं तुम्ही तेवढ्यापुरतं थांबायचात. माझ्या जिभेला वळण तिथंच लागलं, कुठल्या कोर्सला नव्हे. पण त्यांच्यामागं अख्खा वृत्तविभाग असायचा. आमच्याकडं दोन खोल्या. वाचणारीच दुपारी प्रेसनोटा टाईप करते, जत-आटपाडीच्या वार्ताहरांना "व्हिडिओ आडवा धरून काढा रे" म्हणून ओरडते, सराफाच्या आणि क्लासच्या जाहिरातीला आवाज देते आणि शेवटी पावडर लावून कॅमेऱ्यासमोर बसते. मधेमधे पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्या तुम्हाला झोंबतात हे ठाऊक आहे, मलाही झोंबायच्या. पण गणपती, दिवाळी आणि निवडणूक, या हंगामांत येईल त्यावरच वर्ष काढायचं असतं. पतसंस्थांच्या वर्धापनदिनांना निवेदन करत मी फिरायचे, ते काही हौसेनं नव्हतं.

आणि आई, तुझी हिरवी साडी मी टीव्हीवर का नेसत नाही, हे एकदाचं ऐक. आमच्या मागं हिरवं कापड ताणलेलं असतं. कॉम्प्युटर जिथं हिरवं दिसेल तिथलं पुसतो आणि त्या जागी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं चित्र बसवतो. ती साडी नेसले असते तर पूल माझ्या पोटातून गेला असता! रुसायचं कारण नाही.

खुर्ची सोडायचं मनात आलं ते मात्र आजकालचं नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हापासूनचं आहे. आयर्विनपाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 च्या वर गेलं. 2005 ला ते 54 च्या आत राहिलं होतं, म्हणून "पाच साली आमच्या पायरीला शिवलं नव्हतं" असं म्हणत कितीतरी जुनी माणसं घरातच बसून राहिली. बातम्या सुरू व्हायला पाच मिनिटं असताना गावभागातून आत्याचा फोन आला. "तुझे फूट राहू देत, आमच्या गल्लीत कधी येतंय तेवढं सांग." माझ्या हातात कागद होता. त्यावर फूट होते, कोयना धरणातून सुटणाऱ्या पाण्याचे क्युसेक होते. गल्लीचं नाव कुठंच नव्हतं. कॅमेरामन हरभट रोडवरून नुकताच आला होता, पँट मांडीपर्यंत ओली. त्यानं कुठं काय पाहिलं ते विचारलं, कागदाच्या मागं लिहिलं आणि तेच आधी वाचलं. पुढं वीज गेली, केबल बंद पडली. लोक मोबाईलचं चार्जिंग जपत आमच्या क्लिपा बघत होते. 2021 ला पाणी परत 55 च्या आसपास गेलं, तोवर आम्ही फुटांच्या जोडीनं भाग सांगायला लागलो होतो: दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, मारुती चौक.

दर पावसाळ्यात धरणाबद्दल एक ना एक अफवा मोबाईलवर फिरते. डेस्कवरची पोरं ती तशीच खालच्या पट्टीत टाकायला निघतात, सगळ्यांच्या आधी आपण द्यायची म्हणून. पाटबंधारेला फोन लावून खात्री होईपर्यंत ती पट्टी अडवून धरायची, हे माझं आताचं काम. कॅमेऱ्यासमोर बसून ते जमत नव्हतं. कानात तीन, दोन, एक सुरू झालं की समोर येईल ते वाचावंच लागतं, मग आत कितीही शंका असो. चेहरा ओळखीचा असला की लोक मंडईत थांबवून भाव कमी करतात, हे सुख गेलं एवढंच.

नवी मुलगी कवठेमहांकाळची आहे. आवाज खणखणीत, पण घाईत 'न' आणि 'ण' एक करते. अण्णा, तुम्ही माझ्या चुका वहीत टिपून दर आठवड्याला कळवायचात, तशा तिच्याही टिपा. फक्त मला कळवा, तिला थेट फोन नको. तुमच्या पद्धतीनं सांगितलंत तर पोर रडेल.

शेजारच्या काकूंना आईनं काय सांगायचं ते सांगू दे. ऑक्टोबर छाटणीला रविवार जोडून येते. बेदाणा पाठवू नका, मागचा डबा अजून अर्धा आहे. आईच्या गुडघ्याचं औषध मिरजेतूनच घेते, तासगावात शोधत बसू नका.

तुमची,
सुमी