हेल्थ बार काढून टाकायला लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

अंतराळवीराच्या शरीरावरचा आपला गेम पूर्ण झाला. शेवटी श्रेयनामावली येते आणि तुम्ही बजावल्याप्रमाणे तिच्यात तुमचं नाव नाही. ‘मी फक्त शरीरक्रियाशास्त्र समजावलं, गेम तुम्ही केलात,’ असं म्हणून तुम्ही तो विषय मिटवलात. तुमचा शब्द आम्ही चौघांनी मोडला नाही. पण आभार मानायचेच नाहीत, असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे, तुमचं नाव न घेता.

पहिली आवृत्ती तुमच्याकडे आली तेव्हा ती काय होती, ते आज आठवलं तरी तुमच्या सबुरीचं नवल वाटतं. अंतराळस्थानकात सहा महिने राहणारी एक अंतराळवीर, तिच्या डोक्यावर हिरवी पट्टी, म्हणजे हेल्थ बार. व्यायाम केला की पट्टी वाढते, नाही केला की घटते, लाल झाली की खेळ संपला. आम्हाला वाटत होतं की आता चित्रं तेवढी सुबक करायची राहिली आहेत. तुम्ही दोन दिवस तो गेम खेळलात, वहीची अकरा पानं भरलीत आणि फोनवर पहिला प्रश्न विचारलात, ‘ही पट्टी नेमकं काय मोजते?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘तब्येत’ म्हणालो. तुम्ही म्हणालात, ‘तिची तब्येत बिघडलेलीच नाही. तिचं शरीर आपलं काम चोख करतंय. तुम्ही तिला आजारी का दाखवताय?’

त्या एका वाक्यावर पुढचे सात महिने उभे राहिले.

हाडांचं उदाहरण तुम्ही कसं दिलंत, ते मी शब्दन् शब्द लिहून ठेवलंय. घरातली एखादी खोली कोणी वापरतच नसेल तर आपण तिथला दिवा मालवतो. शरीरही तसंच करतं. वजन पेलायचं नाही, मग मांडीचं हाड आणि कंबरेचा सांगाडा इतका भक्कम ठेवण्यावर खर्च कशाला? जुनं हाड विरघळवणाऱ्या पेशी आपलं काम करत राहतात आणि नवं हाड घडवण्याचं काम मागे पडतं. वजन पेलणाऱ्या हाडांची घनता अशी महिन्याला सुमारे 1 ते 1.5 टक्क्यांनी घटते. पृथ्वीवर उतारवयात वर्षभरात व्हावी, साधारण तितकी ही घट. याला बिघाड कसा म्हणणार? हा तर काटकसरीचा हिशेब, आणि तो चुकतो घरी परतायच्या दिवशी.

हिरवी पट्टी त्याच रात्री काढली. पण तिच्या जागी काय ठेवायचं, यावर गाडं तीन आठवडे अडलं. आमच्या प्रोग्रामरने पाच वेगळ्या पट्ट्या सुचवल्या: हाडं, स्नायू, रक्त, डोळे, मन. तुम्ही तेही मान्य केलं नाहीत, आणि आता कळतं की बरंच झालं. पाच पट्ट्या म्हणजे पाच वेगळे रोग, असंच मुलांना वाटलं असतं. तुम्ही आम्हाला एका साखळीतून नेलंत. वजनरहित अवस्थेत पायांकडचं पाणी वर सरकतं, जवळजवळ दोन लिटर. चेहरा सुजतो, नाक चोंदतं, पाय काटकुळे होतात. छातीतल्या आणि डोक्यातल्या या भरतीला शरीर ‘पाणी फार झालं’ असं समजतं आणि रक्तातला द्रव कमी करतं. तहानही मंदावते. इकडे हाडांतून सुटलेलं कॅल्शियम लघवीत उतरतंय आणि तिकडे माणूस पाणी कमी पितोय, म्हणजे मूतखड्याला आयतं निमंत्रण. आणि सहा महिन्यांनी गुरुत्वाकर्षण पुन्हा समोर उभं राहतं, तेव्हा तेच कमी झालेलं रक्त पायांकडे धावतं आणि उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून परतीच्या प्रवासाआधी अंतराळवीर मीठ आणि भरपूर पाणी घेतात.

हे ऐकलं आणि आमच्या गेमचा सांगाडा मिळाला. आता पडद्यावर एकही पट्टी नाही. आहे ते पारदर्शक शरीर आणि त्यात वाहणारा, साठणारा, झिरपणारा पदार्थ. खेळणाऱ्याने एक गोष्ट हलवली की तिचा परिणाम दुसरीकडे, बऱ्याचदा आठवड्यांनी, दिसतो. पाणी कुठे मुरतंय ते त्याचं त्यानेच शोधायचं.

तुम्ही वहीत टिपलेल्या आमच्या चुकांबद्दलही लिहायलाच हवं, कारण त्या आम्ही आत्मविश्वासाने केल्या होत्या. सुरुवातीच्याच पडद्यावर ‘अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं’ असं वाक्य होतं. सुमारे 400 किलोमीटर उंचीवरसुद्धा ते जमिनीवरच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं, हे तुम्ही दाखवलंत. स्थानक आणि त्यातली माणसं एकत्र, अखंड पृथ्वीभोवती पडत राहतात, म्हणून वजन जाणवत नाही. वाक्य बदललं. मग आमच्या आर्टिस्टने काढलेली व्यायामाची खोली. तिच्यात डंबेल्स होते! जिथे वजनालाच वजन नाही, तिथे ते उचलून स्नायूंना काय मिळणार? तुम्ही आम्हाला आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरच्या यंत्राची रचना समजावलीत. तिथे निर्वात नळकांड्यांतले दट्टे ओढावे लागतात आणि सुमारे 270 किलोपर्यंत जोर लावता येतो. पळण्याच्या पट्ट्यावर, म्हणजे ट्रेडमिलवर, माणसाला अंगाला बांधलेल्या पट्ट्यांनी खाली ओढून धरावं लागतं, नाहीतर पहिल्याच पावलाला तो छताकडे जाईल. व्यायामासाठी रोज सुमारे दोन तास. आर्टिस्टने आठ दिवसांत ती सगळी खोली नव्याने काढली. आज मुलं सगळ्यात जास्त वेळ तिथेच रमतात.

किरणोत्सर्गाच्या लेव्हलला आम्ही शिशाची जाड भिंत दिली होती. रुग्णालयातल्या क्ष-किरणांच्या खोलीवरून ते सुचलं होतं. वैश्विक किरणांतले अतिवेगवान कण जड धातूवर आदळले की दुय्यम कणांचा सडा पडतो, त्यापेक्षा पाणी आणि पॉलिथिलीनसारखे हायड्रोजनने भरलेले पदार्थ बरे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आता त्या लेव्हलमध्ये सौरवादळाचा इशारा आला की खेळणारा पाण्याच्या पिशव्या आणि अन्नाचे डबे रचून आडोसा करतो. ऑगस्ट 1972 मधलं प्रचंड सौरवादळ आम्ही तिथे गोष्ट म्हणून घेतलं. एप्रिलमध्ये अपोलो 16 चंद्रावरून परतलं होतं आणि डिसेंबरमध्ये अपोलो 17 निघालं. वादळ नेमकं त्या दोन्हींच्या मधल्या काळात आलं. तेव्हा कोणी चंद्रावर असतं तर? ही गोष्ट ऐकून मुलं गप्प होतात.

माझी आवडती लेव्हल मात्र झोपेची आहे, आणि ती तुमच्या एका बोलता बोलता टाकलेल्या वाक्यातून आली. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, त्यामुळे पंखा बंद असेल तर झोपलेल्या माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याच चेहऱ्याभोवती साचत राहतो. ना राक्षस, ना स्फोट, नुसता एक बंद पंखा आणि सकाळची डोकेदुखी. कारण शोधायला खेळणाऱ्याला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं बघत बसणं हा माझ्यासाठी या कामातला सगळ्यात मोठा आनंद आहे.

मानेतल्या शिरेतली रक्ताची गुठळी घ्यायची की नाही, यावर आपला वाद झाला होता. मला भीती वाटत होती की मुलं घाबरतील. तुम्ही आग्रह धरलात, कारण ते खरोखर घडलं होतं. स्थानकावरच्या एका अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत अल्ट्रासाउंड करताना गुठळी दिसली आणि जमिनीवरच्या डॉक्टरांनी तिथे उपलब्ध मोजक्या औषधांवर उपचार आखले. 2020 साली ते वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तुमचंच खरं ठरलं. त्या लेव्हलमध्ये खेळणारा डॉक्टर होतो, हातात यंत्र अंतराळवीराच्या, सूचना आपल्या, आणि औषधाच्या कुप्या मोजून. मंगळाच्या वाटेवरच्या पुढच्या भागात तर प्रत्येक सूचना पोहोचायला कित्येक मिनिटं लागतात, म्हणून आधी विचार करावा लागतो. घाबरणं दूरच, मुलं एकमेकांना ‘थांब, आधी किती उरलंय ते बघ’ असं सांगत होती.

आणि शेवट. आमचा गेम यान उतरलं की संपायचा: टाळ्या, गुण, संगीत. तुम्ही वहीच्या अकराव्या पानावर एकच ओळ लिहिली होती: ‘खरी परीक्षा इथून सुरू होते, आणि तुम्ही इथेच थांबलात.’ 1970 साली सोयूझ 9 या सोव्हिएत यानातून 18 दिवसांनी परतलेल्या निकोलायेव आणि सेवास्त्यानोव यांना उभं राहणंही जड गेलं होतं, हे तुम्ही सांगितलंत. आता शेवटच्या लेव्हलमध्ये एकच काम आहे: खुर्चीतून उठायचं, मान वळवायची, दारापर्यंत चालायचं. त्यानंतर 45 दिवस, रोज दोन तास, पुन्हा शरीर घडवायचं. आणि 2022 मधल्या 17 अंतराळवीरांच्या अभ्यासाचं सत्यही आम्ही लपवलं नाही: वर्षभरानंतरही त्यांतल्या अनेकांच्या नडगीचं हाड पूर्ववत झालं नव्हतं.

चाचणीच्या वेळी बारा वर्षांच्या एका मुलीने सहा महिन्यांत व्यायाम जवळजवळ केलाच नाही. का, असं विचारलं तर म्हणाली, ‘ती मजेत तरंगतेय की! तिला काहीच होत नाहीये.’ उतरल्यावर तिच्या अंतराळवीराला उठता येईना. मुलगी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग कोणी न सांगता पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू केलं, आणि पहिल्याच आठवड्यात पळण्याच्या पट्ट्यावर गेली. हिरवी पट्टी असती तर तिने तिसऱ्याच मिनिटाला व्यायामाचं बटण दाबलं असतं, आणि तिला काहीही कळलं नसतं.

निघताना ती माझ्यापाशी आली. तिची आजी खुब्याचं हाड मोडल्यामुळे कित्येक आठवडे अंथरुणाला खिळली आहे. तुम्ही सांगितलेले प्रयोग आम्ही गेममध्ये एका कोपऱ्यात दाखवले आहेत: निरोगी माणसांना डोक्याकडची बाजू सहा अंशांनी खाली करून आठवडेच्या आठवडे पलंगावर झोपवून ठेवतात आणि अवकाशात होणारे बदल जमिनीवर अभ्यासतात. ते तिने वाचलं होतं. तिचा प्रश्न होता, ‘मग माझ्या आजीची हाडंपण तसंच समजत असतील का, की आता आपली गरज नाही? आणि तिला उभं करायच्या आधी काय काय करायला हवं?’

मी म्हणालो, हे ज्यांना नक्की माहीत आहे त्यांना विचारून सांगतो. ती पुढच्या शनिवारी येणार आहे. त्याआधी तुमचा फोन आला तर फार बरं होईल.

आपला कृतज्ञ,
गेमची आखणी करणारा, आणि त्याचे तिघे सोबती