धावण्याच्या बाबागाडीविषयी

सिॲटल,
12 एप्रिल

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

बाळाला सोबत घेऊनच पुन्हा धावायला लागण्याचा तुझा बेत कळला. जॉगिंग स्ट्रोलर, म्हणजे ढकलत धावण्याची बाबागाडी, आजच घेतलीस तरी हरकत नाही, पण बाळ अजून चारच महिन्यांचे असल्याने निदान आठव्या महिन्यापर्यंत त्याच्यासह धावू नकोस. मान धरली म्हणजे झाले, असे घरची मंडळी म्हणतील. परंतु धावताना बसणारे हिसके सोसण्याइतके बळ मानेत आणि पाठीत आले आहे की नाही, हे बालरोगतज्ज्ञांनीच सांगावे. तोवर फ्रीमाँटच्या तळ्याभोवती खुशाल चालत फिरवून आण.

गाडी निवडताना सर्वांत आधी पुढचे चाक पाहा. ते चालताना गरगर वळणारे असले, तरी धावण्यापूर्वी सरळ रेषेत पक्के अडकवता आलेच पाहिजे, कारण वेगात ते एखाद्या खड्ड्याने आडवे वळले की गाडी उलटते. अनेक गाड्यांचे हे चाक सायकलसारख्या खटक्याने निघते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने 2018 मध्ये एका मोठ्या कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली ती याच खटक्यापायी: तो नीट आवळला गेला नाही, तर चाक धावतानाच निखळते. म्हणून दर वेळी निघण्यापूर्वी पुढची बाजू उचलून चाक हलवून बघ. वापरलेली गाडी स्वस्तात मिळते खरी, पण ती दोषामुळे बाजारातून परत मागवलेल्यांपैकी नाही ना, हे आयोगाच्या यादीत तपासल्याखेरीज पैसे देऊ नकोस.

चाके हवेची आणि मोठी असावीत. मागची सोळा इंची असली तर उत्तम. तुमच्याकडे टेकड्यांचे रस्ते असल्याने हँडब्रेक असलेलीच गाडी घे, मात्र उभ्या गाडीसाठीचा पायाचा ब्रेक वेगळा असतो, तो धावताना कधीही लावू नये. कपधारक, खिसे वगैरेंवर मी एक डॉलरही जास्त खर्च केला नसता.

बाळाचे पाचही पट्टे बांध, आणि गाडीचा पट्टा स्वतःच्या मनगटात अडकव. दांड्याला पिशवी टांगू नकोस, गाडी मागे कलंडते. ऊन लागू नये म्हणून छतावरून दुपटे सोडण्याची आपली सवयही घातकच आहे, कारण आत हवा कोंडून उष्मा वाढतो. त्यापेक्षा सकाळी लवकर नीघ. दांड्याची उंची बदलता येत असेल तर वहिनींनाही सोयीचे होईल.

वहिनींना नमस्कार आणि बाळाला अनेक आशीर्वाद.

तुझा,
श्रीरंग