लिस्बनला जाताय? टाइल रंगवून बघा

संपादक साहेब, नमस्कार.

लिस्बनला जाणारे आपले लोक ट्रामचे नि कस्टर्ड टार्टचे फोटो टाकतात, पण तिकडे अझुलेजो म्हणजे त्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स स्वतः रंगवायला शिकवतात हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितेय. भोकं पाडलेल्या कागदावरून कोळशाची पूड फिरवायची, आपल्या रांगोळीच्या छापासारखंच, की डिझाइन टाइलवर उतरतं, मग ब्रशनं कोबाल्टचा रंग, आणि खालचं न भाजलेलं ग्लेझ (टाइलवरचा चकाकीचा लेप) तो लगेच पिऊन टाकतं, त्यामुळे खोडाखोड नाहीच. खरा निळा तर भट्टीतून निघाल्यावरच दिसतो! भाजायला वेळ लागतो, ट्रिपच्या शेवटच्या दिवशी जाऊ नका.

बाजारात सुट्या जुन्या टाइल्स मिळतात त्या मात्र घेऊ नका, काही चक्क घरांच्या भिंतींवरून चोरलेल्या असतात.

आणि पोर्तुगालमधल्याच पोर्तो शहराचं साओ बेंतो स्टेशन ज्यानं टाइल्सनी सजवलं त्या जोर्जे कोलासोचं १९३५ चं काम आपल्या शेजारी पणजीतच आहे, मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत. बीचवरनंच परत येणाऱ्यांनी अर्धा तास काढा की.

– एक वाचक, पुणे