क्रीडा पत्रकारावर चौकट लिहिताय? ‘एकमेव’ जरा जपून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या क्रीडा पानावर खाली कोपऱ्यात ती ‘माहीत आहे का?’ चौकट येते ना, तिच्याबद्दल लिहितोय. खेळाडूंवरच्या चौकटी झकास असतात, वादच नाही, पण ज्या दिवशी एखाद्या क्रीडा पत्रकाराचा नंबर लागतो त्या दिवशी सगळं ओम फस. ‘ज्येष्ठ क्रीडा पत्रकार, अनेक वर्षे लेखन, अनेक दौरे, अनेक पुरस्कार.’ अहो यातले ‘अनेक’ काढले तर उरतं काय? आणि कधी चमचमीत द्यायचं मनावर घेतलंच तर गाडी थेट दुसऱ्या टोकाला, ‘जगातील एकमेव’, ‘इतिहासातील पहिले’. त्या माणसाने आयुष्यभर नेमकं केलं काय हे दोन्हीतून कळत नाही.

आता डिकी रत्नागर घ्या. मुंबईत जन्मलेले, पुढे इंग्लंडला जाऊन डेली टेलिग्राफसाठी क्रिकेट लिहिणारे. ३१ ऑगस्ट १९६८ ला स्वान्सीमध्ये गॅरी सोबर्सने माल्कम नॅशच्या एका ओव्हरमध्ये सहा सिक्स मारले तेव्हा हे तिथे हजर होते, आणि १० जानेवारी १९८५ ला वानखेडेवर रवी शास्त्रीने बडोद्याच्या तिलक राजला तसेच सहा ठोकले तेव्हाही हे हजर. मध्ये सोळा वर्षं गेलेली, देश वेगळा, खंड वेगळा, आणि माणूस तोच. कुठल्याही पत्रकाराला हेवा वाटेल असा योग. पण हे इतकं साधं लिहून कुणाचं भागत नाही, लगेच पुढे जोडतात की दोन्ही पाहणारा जगातला एकमेव माणूस. कशावरून? दोन्ही मैदानांवर कुणी हजेरीपट घेतला होता का? एखादा हौशी प्रेक्षक, एखादा खलाशी, कुणीही असू शकतो ज्याने दोन्ही पाहिले आणि ज्याचं नाव कधी पेपरात आलं नाही. ‘दोन्ही पाहिले’ हे सिद्ध करता येतं, ‘बाकी कुणीच पाहिले नाहीत’ हे सिद्ध करायला ब्रह्मदेव लागेल. आणि गंमत म्हणजे ‘एकमेव’ काढल्याने मजा तसूभर कमी होत नाही.

अशा चौकटीत आणखी एक वाक्य हमखास येतं, फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये हे दोनच वेळा घडलंय. छापलं तेव्हा खरं होतं. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये मेघालयच्या आकाश चौधरीने रणजी सामन्यातच एका ओव्हरमध्ये सहा मारले आणि ते वाक्य त्या दिवशी शिळं झालं, तरी जुन्या मजकुरातून कॉपी करणारे अजून कॉपी करत राहणार. म्हणून ‘त्या वेळेपर्यंत’ हे दोन शब्द टाकायचा कंटाळा करू नये, जागा कितीशी लागते.

त्याच सोबर्सच्या ओव्हरमधून दुसऱ्या एका पत्रकाराची गोष्ट निघते, आणि माझ्या मते ती डिकींच्या गोष्टीपेक्षा सरस आहे. पार्श्वभूमी अशी की नॅश एरवी मीडियम पेस टाकायचा, त्या दिवशी स्लो टाकत होता, पाचवा बॉल रॉजर डेव्हिसने सीमारेषेजवळ पकडला खरा पण पकडता पकडता तोल जाऊन तो बाहेर पडला, अंपायरने सिक्स दिला आणि सहावा बॉल तर मैदान सोडून बाहेर रस्त्याकडे गेला. टीव्हीचं चित्रीकरण असल्यामुळे हे सगळं आजही बघता येतं. तर त्या ओव्हरचा म्हणून एक बॉल २००६ मध्ये लंडनच्या एका नामांकित लिलावात २६,४०० पौंडांना विकला गेला. ग्रॅहम लॉइड नावाचा वेल्समधला पत्रकार या बॉलच्या मागे लागला. त्याला आढळलं की लिलावातला बॉल ड्यूक कंपनीचा, आणि खुद्द नॅश सांगत होता की त्याने टाकला तो सरिज कंपनीचा होता! यावर लॉइडने अख्खं पुस्तक लिहिलं. आता सांगा, याच्यावर चौकट करायची तर ‘ज्येष्ठ पत्रकार, अनेक पुस्तके’ असं लिहाल, की ‘यांनी बॉलवरच्या कंपनीच्या नावावरून हजारो पौंडांच्या लिलावावर प्रश्नचिन्ह लावलं’ असं? चौकटीतली गोष्ट माणसाच्या कामातून आलेली असली की ती अशी बोलते. जन्मगाव, डिग्री, छंद यांना कामाची चव येत नाही, ते फारच निकड असेल तर.

‘पहिले’ या शब्दाशी माझं काही वाकडं नाही, पण तो मोजता आला पाहिजे. जॅक फिंगल्टन बघा. ऑस्ट्रेलियाचा ओपनर, पोरवयातच पेपरात उमेदवारी करायला लागलेला, खेळत असतानाही पत्रकार आणि नंतर तर कॅनबेराला राजकारण कव्हर करणारा पत्रकार. १९३६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ओळीने ११२, १०८, ११८ आणि वर्षअखेरीस ब्रिस्बेनला इंग्लंडविरुद्ध १००, म्हणजे टेस्टमध्ये सलग चार डावांत चार शतकं, आणि असं करणारा तो पहिलाच. वेस्ट इंडिजच्या एव्हर्टन वीक्सने १९४८-४९ मध्ये सलग पाच केली म्हणून फिंगल्टनचं पहिलेपण जात नाही. स्कोअरकार्ड उघडा, दहा मिनिटांत खात्री होते. आणि एक पत्रकार हे करतो ही गंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पण फिंगल्टनचं नाव काढलं की बहुतेक जण उचलतात ती दुसरीच गोष्ट. १९३३ ची बॉडीलाइन मालिका, म्हणजे इंग्लंडचे बोलर फलंदाजांच्या अंगावर बॉल टाकत होते ती, अ‍ॅडलेडची टेस्ट, बॉल लागून कळवळलेल्या ऑस्ट्रेलियाच्या कॅप्टन वुडफुलने ड्रेसिंगरूममध्ये इंग्लंडचे मॅनेजर वॉर्नर यांना सुनावलं आणि ते बोलणं पेपरला फुटलं. संघात पत्रकार एकच, म्हणजे यानेच फोडलं, असा सरळ हिशेब लोकांनी केला. फिंगल्टनने हे मरेपर्यंत नाकारलं आणि बोट दाखवलं संघातल्याच ब्रॅडमनकडे, ब्रॅडमननेही नाकारलं, आणि ते आजपर्यंत तसंच लटकलेलं आहे. चटकदार म्हणाल तर याच्याइतकं चटकदार काही नाही. पण तीस शब्दांच्या चौकटीत ‘आरोप’ हा शब्द पहिला गळतो आणि मग मेलेल्या माणसाच्या माथी कायमचा डाग. असली गोष्ट मोठ्या लेखात घ्यावी, दोन्ही बाजू मांडून, चौकटीत अजिबात नको, हे माझं ठाम मत.

नेव्हिल कार्डस यांचं तर आणखीनच अवघड. मँचेस्टर गार्डियनमध्ये एकच माणूस क्रिकेटचा वार्ताहर आणि संगीताचा मुख्य समीक्षक, दोन्ही गाजलेले, चौकटीला एवढं पुरे. पण लोक देतात त्यांच्या लेखांतले खेळाडूंचे खमंग संवाद, जे कार्डस बऱ्याचदा स्वतःच रचायचे आणि ते त्यांनी फारसं लपवलंही नाही. लेख वाचायला बहार, मान्य, पण तिथून उचललेलं वाक्य त्या खेळाडूच्या तोंडी घालून छापायचं म्हणजे धाडसच.

मग खात्रीचं शोधायचं कुठे? पत्रकाराच्या बाबतीत एक सोय आहे जी खेळाडूच्या बाबतीत नसते, त्याचं काम छापलेलं असतं, तारखेसकट. १९५४ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या वुल्व्ह्ज या फुटबॉल क्लबने हंगेरीच्या होनवेद क्लबला ३-२ हरवलं, इंग्लंडचे पेपर आपला क्लब जगज्जेता म्हणून नाचायला लागले, तेव्हा फ्रान्सच्या लेकिप या क्रीडा दैनिकात पत्रकार गॅब्रिएल हॅनोने लिहिलं की असं ठरवू नका, सगळ्या देशांच्या क्लबांची स्पर्धा घ्या. पुढच्याच वर्षी युरोपियन कप सुरू झाला, जो आज चॅम्पियन्स लीग म्हणून रात्री जागून बघतात. लेखही आहे, स्पर्धाही आहे, शंकेला जागा कुठे? आपल्याकडे वि. वि. करमरकरांना मराठी क्रीडा पत्रकारितेचे भीष्माचार्य म्हणून मोकळं होण्यापेक्षा महाराष्ट्र टाइम्समध्ये खेळाला त्यांनी स्वतःचं पान कसं मिळवून दिलं ते सांगा, जुने अंक काढून.

मृत्युलेखांवर मात्र विसंबू नका. माणूस गेला की एका ठिकाणी एक वाक्य येतं, दुसऱ्या दिवशी दहा ठिकाणी तेच, आणि दहा ठिकाणी सापडलं म्हणून आपल्याला वाटतं पक्कं आहे, अरे पण मूळ एकच ना.

जाता जाता एक विनंती. चौकटीखाली ती लिहिणाऱ्याचं नाव छापत जा. तोही क्रीडा पत्रकारच आहे की, उद्या कुणाला त्याच्यावर चौकट करायची झाली तर काहीतरी हाताला लागायला हवं.

आपला,
एक नियमित वाचक