वॉशिंग्टनचा अर्थसंकल्प आणि रामश्टाइनचा पगार : जर्मनीच्या संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय श्री. बोरिस पिस्टोरिउस,
संघीय संरक्षणमंत्री, बर्लिन.

महोदय,

सविनय नमस्कार. मी गेली अकरा वर्षे रामश्टाइन-मिझेनबाख येथे राहते आणि नोकरीसाठी रोज कैझर्सलाउटर्नला जाते. या पत्राची जर्मन प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने रवाना केली आहे. मराठीतून मुद्दाम लिहिते आहे ते अशासाठी की, येथील अमेरिकी हवाई तळामुळे आमच्या गावाचे नाव माझ्या भाषेतील वाचकांनी ऐकलेले असते, पण ते फक्त युद्धाच्या बातम्यांत.

१ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकी संसदेत खर्चाला मंजुरी न मिळाल्यामुळे तेथील सरकारी कारभार ठप्प झाला आणि पुढे ४३ दिवस ठप्पच राहिला. त्या दिवसांत माझी शेजारीण दर संध्याकाळी कुंपणापाशी येऊन एकच प्रश्न विचारत असे, "काही कळलं का?" ती जर्मन आहे, तिचा नवराही जर्मन, आणि हवाई तळावरच्या गोदामात ती बावीस वर्षे काम करते आहे, म्हणजे तिचा पगार अमेरिकी तिजोरीतून येतो. गॅरेजमध्ये हिवाळ्याचे टायर आणून ठेवले होते, पण बसवायला द्यावेत की पगार होईपर्यंत थांबावे, हे तिला ठरवता येत नव्हते. अखेर अमेरिकी तळांवरील सुमारे ११,००० स्थानिक कर्मचाऱ्यांचा ऑक्टोबरचा पगार आपल्या सरकारने स्वतःच्या तिजोरीतून देण्याचे ठरवले आणि टायर बसले. त्याबद्दल आम्ही खरोखर आभारी आहोत. निर्णय अर्थमंत्रालयाचा होता हे मी जाणते. तरीही पत्र आपल्याला लिहिते आहे, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

आमचे गाव जेमतेम आठ हजार वस्तीचे आहे. आजूबाजूच्या परिसरात सैनिक, नोकरदार आणि त्यांची कुटुंबे मिळून सुमारे पन्नास हजार अमेरिकी माणसे राहतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दलदलीच्या पट्ट्यावर हा तळ उभा राहिला, तेव्हापासून गावाने आपली घडण त्याच्या मापाने करून घेतली. दुकानांच्या दारांवर 'येथे व्हॅटचे फॉर्म स्वीकारले जातात' असे इंग्रजीत लिहिलेले असते, म्हणजे अमेरिकी सैनिकांना विक्रीवरचा कर माफ. घर भाड्याने शोधताना एका घरमालकाने मला अगदी सौजन्याने सांगितले होते की, तो अमेरिकी भाडेकरूची वाट पाहणार आहे, कारण त्यांना घरभाड्याचा भत्ता मिळतो आणि त्यामुळे भाडे वेळेवर येते. उन्हाळ्यात बदल्यांचा हंगाम सुरू झाला की जुन्या सामानाच्या बाजारात ट्रान्सफॉर्मर विकायला येतात. अमेरिकेतून आणलेली ११० व्होल्टची मिक्सर, कॉफीयंत्रे आपल्याकडच्या २३० व्होल्टवर चालवण्यासाठी ते लागतात. आकाराने लहान, पण उचलायला पाट्याइतके जड. माझ्या तळघरात असा एक पडून आहे. विकणारा मोटार सुरू करून उभा होता, त्याने तो मला फुकटच दिला.

विमानांच्या आवाजाबद्दल मी तक्रार करणार नाही. मी मूळची देवळालीची, तोफांच्या सरावाने खिडक्यांच्या काचा थरथरत तेव्हा आजी शांतपणे कुकरच्या शिट्ट्या मोजत असे. लष्कराशेजारी राहण्याची मला सवय आहे. फरक इतकाच की देवळालीची छावणी ज्या संसदेच्या मंजुरीवर चालते, त्या संसदेत देवळालीचा खासदार बसतो. रामश्टाइनच्या पगारावर जिथे मतदान होते, तिथे रामश्टाइनचा कोणीही नसतो, आणि बर्लिनमध्ये जो बसतो त्याच्या हातात ते मत नसते.

जुलै २०२० मध्ये जर्मनीतून सुमारे १२,००० अमेरिकी सैनिक हलवण्याची घोषणा झाली, तेव्हा आयफेल या डोंगराळ भागातील स्पांगडालेमच्या अमेरिकी तळावरची एफ-१६ लढाऊ विमाने इटलीला नेण्याचे घाटत होते. विमानतळाच्या कुंपणाला लागून असलेले ते खेडे आमच्याहूनही कितीतरी लहान आहे. आपल्या गावाचे काय होणार हे तेथील लोकांना टीव्हीवरच्या बातम्यांतून समजले. फेब्रुवारी २०२१ मध्ये नव्या अध्यक्षांनी ती योजना थांबवली, तेही बातम्यांतूनच समजले. आमच्या बेकरीत त्या वेळी एक वृद्ध गृहस्थ म्हणाले होते की, विमाने जातात याचे दुःख नाही आणि राहिली याचा आनंद नाही, निदान मला आधी सांगा म्हणजे मी भट्टीचे कर्ज काढू की नको ते ठरवीन. या विषयावर इतके नेमके बोलणे मी कोणत्याही सभेत ऐकलेले नाही.

आता आपल्यालाच का, ते सांगते. आपण ओस्नाब्र्यूकचे महापौर होतात त्याच काळात, २००९ पर्यंत, तेथील ब्रिटिश सैन्य निघून गेले. रिकाम्या बराकी, मागे राहिलेले कर्मचारी आणि संघ सरकारच्या ताब्यातील जमिनीसाठी करावा लागणारा पत्रव्यवहार आपण महापौराच्या खुर्चीतून पाहिलेला आहे. आपल्या मंत्रिमंडळात हा अनुभव आणखी कोणाच्या गाठीशी असेल असे वाटत नाही. मात्र ओस्नाब्र्यूक दीड लाखाहून अधिक वस्तीचे विद्यापीठाचे शहर आहे. तेथे छावणीच्या जागेवर विज्ञान उद्यान उभे राहू शकते. आमच्या राज्यात हानचा अमेरिकी हवाई तळ १९९३ मध्ये नागरी विमानतळ झाला, तेव्हाही मोठी स्वप्ने होती. पुढे २००९ मध्ये विमानतळ चालवणारी भागीदार कंपनी आपला ६५ टक्के हिस्सा एका युरोला राज्याच्या गळ्यात घालून बाहेर पडली, नंतर तो परदेशी मालकाला विकला गेला, आणि २०२१ मध्ये दिवाळखोरी जाहीर झाली. त्याला विकत घेणारा नवा मालक मिळायला २०२३ उजाडले.

जमिनीखालचा हिशेब तर वेगळाच आहे. आग विझवण्याच्या सरावात वर्षानुवर्षे वापरलेल्या फेसातील पीएफएएस ही रसायने आमच्या राज्यातील चालू आणि बंद, दोन्ही प्रकारच्या तळांच्या परिसरात माती-पाण्यात सापडली आहेत. ती कुजत नाहीत, विरत नाहीत. करारानुसार जागा परत देताना बांधकामाची उरलेली किंमत आणि झालेले नुकसान यांची वजावट दोन सरकारे आपसात करतात. विहीर मात्र गावाची असते.

तळ जावा असे माझे म्हणणे नाही. राहावा असेही नाही. तो प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि तळावरून जगभर काय काय चालवले जाते यावर न्यायालयांत बरीच वर्षे वाद झालेला आहे. माझी मागणी त्याहून खूप लहान आहे. १९५४ च्या ज्या करारान्वये परकी सैन्ये येथे राहतात, तो दोन वर्षांच्या पूर्वसूचनेने संपवता येतो. सरकारांना दोन वर्षे पुरत असतील, भट्टीचे कर्ज फेडायला पुरत नाहीत. म्हणून तळ पूर्ण क्षमतेने चालू आहे अशा काळातच, म्हणजे आताच, संघ, राज्य आणि आमची नगरपरिषद यांनी एकत्र बसून तो आकसला किंवा बंद झाला तर काय करायचे याचा लेखी आराखडा करावा, माती-पाण्याची तपासणी जागा परत मिळण्याची वाट न पाहता सुरू ठेवून तिचे आकडे गावाला द्यावेत, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये जी मदत ऐनवेळी अपवाद म्हणून झाली, तिचा कायमचा नियम करावा. विषय तीन मंत्रालयांत विभागलेला आहे, हे उत्तर मला आधीच मिळाले आहे. त्या तिघांना एका टेबलाशी बसवू शकेल असा माजी महापौर एकच आहे.

अमेरिकेचे आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपते. आपले उत्तर त्याआधी यावे ही विनंती. शेजारणीने हिवाळ्याच्या टायरसाठी या वेळी ऑगस्टमध्येच पैसे बाजूला काढायचे ठरवले आहे.

आपली नम्र,
रामश्टाइन-मिझेनबाख येथील एक रहिवासी