रानफूल तोडण्याआधी आपण कोणाच्या जमिनीवर उभे आहोत ते पाहा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

पावसाळा लागला की सुटीच्या दिवशी अर्धे नागपूर रामटेक, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर या वाटांना लागते. जंगल पाहायला लोक जातात ही चांगलीच गोष्ट आहे. पण परतताना कुणाच्या हातात कळलावीचे वेल असतात, तर कुणाच्या डिकीत मोहाच्या खोडावरून ओरबाडलेली अंबरी (एक ऑर्किड) असते. हटकले तर ‘फुलंच तर घेतली, झाड थोडंच तोडलं?’ हे उत्तर ठरलेले. हा समज कायद्यालाही धरून नाही आणि वनस्पतींच्या जगण्यालाही.

आधी कायदा. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २(४) मध्ये वनोपजाची व्याख्या आहे. जंगलात असलेली किंवा तिथून आणलेली पाने, फुले, फळे, गवत, वेली, अगदी शेवाळसुद्धा तिच्यात येते. राखीव वनातून वनोपज गोळा करणे किंवा बाहेर नेणे याला कलम २६ ने मनाई आहे. फूल फांदीवरून तोडले की खाली पडलेले उचलले, असा भेद व्याख्येत नाही. मोहफुलांचा नियम तर आणखी कडक. ती जंगलातली असोत वा शेतातली, दोन्हीकडे वनोपजच. पेंच राष्ट्रीय उद्यान किंवा उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ही लागू होतो. त्यातल्या ‘वन्यजीव’ या व्याख्येत प्राण्यांबरोबर अधिवासाचा भाग असलेल्या वनस्पतीही आहेत. त्यामुळे परवानगीशिवाय त्या नष्ट करणे किंवा तिथून हलवणे अभयारण्यात कलम २९ खाली आणि राष्ट्रीय उद्यानात कलम ३५(६) खाली गुन्हा ठरतो. याच कायद्यात १९९१ साली कलम १७-अ आले आणि काही ठरावीक वनस्पतींना खास संरक्षण मिळाले. ती यादी छोटी आहे. तिच्यात कळलावी नाही, म्हणजे कळलावी तोडायला मोकळीक आहे, असा अर्थ काहीजण काढतात. तो चुकीचा आहे, कारण वरची कलमे सगळ्याच वनस्पतींना लागू आहेत.

याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(ग) ने वनात राहणाऱ्या आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना गौण, म्हणजे इमारती लाकूड सोडून इतर, वनोपजावर मालकी दिली आहे. ते गोळा करणे, वापरणे, विकणे हा त्यांचा हक्क आहे. इतर पारंपरिक वननिवासी ठरण्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथे वास्तव्य आणि उपजीविकेसाठी वनावर अवलंबून असणे ही अट आहे. म्हणून पहाटे मोहाखाली टोपली घेऊन बसलेली बाई आणि गाडीतून उतरून वेल उपटणारा पर्यटक यांना एकाच मापाने मोजता येत नाही. बऱ्याचदा उलटेच घडते. टोपलीवालीला जाब विचारला जातो आणि गाडीवाल्याकडे कुणी पाहतही नाही. हा अन्याय आहे, आणि त्याने जंगलही वाचत नाही. मोहाचे फूल गळते तेव्हा त्याचे काम झालेले असते. देठाशी राहिलेल्या भागातून फळ धरते. गळालेली फुले वेचल्याने झाडाचे काही बिघडत नाही. बिघडते ते फुले नीट दिसावीत म्हणून खालचा पाचोळा पेटवल्याने. वणवे तिथून लागतात. पाचोळा झाडून बाजूला करावा, नाहीतर झाडाखाली जुनी साडी अंथरावी. काम तेवढेच होते.

आता कळलावीकडे जरा जवळून पाहू. सहा पाकळ्या मागे वळलेल्या, कडा नागमोडी. फूल उमलते तेव्हा हिरवट-पिवळे असते आणि काही दिवसांत लाल होत जाते. पानांची टोके लांबून त्यांचे ताणे होतात आणि त्यांच्या आधाराने वेल झुडपावर चढतो. जमिनीखाली इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुफाटा कंद असतो. तो दरवर्षी सुकतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. त्या नव्या कंदात भरायचे अन्न पानेच बनवतात. फुलासाठी हात घातला की नाजूक वेल बुंध्यापासून तुटतो आणि पानेही जातात. मग कंद लहान राहतो आणि पुढच्या पावसात नुसती पाने येतात किंवा काहीच येत नाही. शिवाय या वनस्पतीच्या प्रत्येक भागात कोल्चिसिन हे विष आहे. पोटात गेल्यास काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात, जीवही जातो. त्यावर सर्रास मिळणारा उतारा नाही. ही फुले आरतीच्या ताटाजवळ, लहान मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवू नयेत. कुणी चघळल्याची शंका जरी आली तरी उलटीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

अंबरीचे दुखणे निराळे. विदर्भात आंबा, मोह, टेंभुर्णीच्या खोडांवर दिसणारे हे ऑर्किड. पिवळट पाकळ्यांवर तपकिरी जाळी, मधली पाकळी निळसर-जांभळी. बांडगूळ समजून शेतकरी ते काढून टाकतात. बांडगुळाचे मूळ फांदीच्या लाकडात घुसते आणि तिथे गाठ येते. अंबरीची जाड, पांढुरकी मुळे सालीवर नुसती पसरलेली असतात, झाडाचा रस ती घेत नाहीत. ओढून काढताना त्या मुळांची वाढती टोके तुटतात. घरी मातीच्या कुंडीत लावली की हवा मिळत नाही आणि मुळे कुजतात. बी धुळीइतके बारीक असते आणि विशिष्ट बुरशीच्या मदतीशिवाय रुजत नाही. म्हणून एका झाडावरची अंबरी गेली की तिची जागा भरून यायला फार काळ लागतो. शहरात वादळाने पडलेल्या किंवा परवानगीने तोडलेल्या फांदीवर अंबरी मिळाली, तर सालीच्या तुकड्यासकट ती जवळच्या आंब्याच्या खोडाला सुती दोरीने बांधावी. जागा सकाळचे ऊन येणारी हवी. पावसाळाभरात मुळे साल धरतात आणि दोरी आपोआप कुजून पडते. नायलॉनची दोरी वापरू नका, ती काचते.

तेरड्याचे गणित याहून सोपे. तो एका पावसाळ्याचा पाहुणा, कंद नाही, बी हीच पुढची पिढी. एका जागची सगळी फुले खुडली तर पुढल्या वर्षी ती जागा रिकामी राहते. घरी लावायचा असेल तर बी विकत किंवा ओळखीच्या अंगणातून मिळते, जंगलात जायची गरजच नाही. बोंड पिवळट पडले की हात लागताच फुटते, म्हणून त्याआधी त्यावर कापडी पुरचुंडी बांधावी.

सणांचेही तसेच आहे. हरतालिका आणि गणपतीच्या पत्रीसाठी नागपूरच्या बर्डी, गोकुळपेठ, महाल या बाजारांत ढीग लागतात. पण त्या एकवीस पत्रींतले आघाडा, माका, रुई, धोतरा पडीक जागेत मिळतात, आणि तुळस, जाई, डाळिंब, कण्हेर अंगणात. देवदार हिमालयातला आहे, त्याच्या नावाने इथे दुसरेच पान मिळते. जंगल ओरबाडावे असे या यादीत फारसे काही नाही. होळीच्या रंगासाठी पळस हवा असेल तर शेताच्या धुऱ्यावर, मालकाला विचारून, गळालेली फुले वेचा. मूठभर वाळलेली फुले दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी एक उकळी काढली की केशरी रंग तयार होतो. रंग गडद व्हावा म्हणून त्यात चुना घालतात, तो टाळावा. डोळ्यांत गेल्यास इजा होते.

वन विभागाला आमची विनंती आहे की प्रत्येक प्रवेशद्वारावर वाघाच्या चित्राशेजारी एक मराठी फलक लावावा: इथून फूल, पान, कंद, ऑर्किड नेणे गुन्हा आहे, ग्रामसभेच्या हक्कदारांना वनोपज गोळा करता येते. परत निघताना डिकी तपासली जावी. आणि कळलावी, पांढरी मुसळी, रानहळद यांची लागवडीतून वाढवलेली रोपे विभागाच्या रोपवाटिकांत जूनच्या पहिल्या आठवड्यात विक्रीला ठेवावीत. कंद तेव्हाच फुटायला लागतात, आणि कळलावीच्या कंदाच्या टोकाचा कोंब मोडला तर तो तुकडा पुन्हा उगवत नाही.

आपले,
स्थानिक वनस्पतींचे काही अभ्यासक,
नागपूर